वर लू बसलाय

मुलांनो, आधी एक डोंगर मनात आणा. आपल्या सह्याद्रीसारखा नको. त्याच्यावरची सगळी झाडं काढून टाका, मग झुडपं, मग गवतसुद्धा. नुसता दगड राहिला ना? आता तो रंगवा, कुठे गेरूसारखा, कुठे राखेसारखा, कुठे जांभळट. डोक्यावर थोडा बर्फ ठेवा, आणि असे शे-दीडशे डोंगर एकमेकांना खेटून उभे करा. पाऊस मात्र ठेवू नका. तिथे वर्षभरात पडतो तो सगळा गोळा केला तरी घोटा बुडेल न बुडेल. हवा इतकी कोरडी, की धुतलेला मोजा अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो.

आता या सगळ्या दगडांच्या मधोमध एक बारीक हिरवी रेघ ओढा. ती रेघ म्हणजे लडाखमधलं स्कामलुंग गाव. चाळीस घरं, जवाची शेतं, पॉप्लरची रांग. आणि ती रेघ हिरवी का, तर तिच्याशेजारून एक ओढा वाहतो म्हणून. वरचा बर्फ वितळतो, त्याचं पाणी ओढ्याला येतं, ओढ्यातून पाटाला, पाटातून शेताला. तो ओढा नसता, तर तुम्ही काढलेली रेघ खोडूनच टाकावी लागली असती.

या गावात अकरा वर्षांची केतकी आपल्या आईबरोबर राहत होती. दोघी मूळच्या माण तालुक्यातल्या दहिवडीच्या. तिची आई, डॉक्टर ऋजुता, हवामानाची शास्त्रज्ञ. गेली तीन वर्षं ती गावाच्या वरच्या टेकाडावरच्या दोन खोल्यांच्या केंद्रात एक यंत्र सांभाळत होती. आल्या दिवशी गावातल्या बायका हसून "जुले, जुले" म्हणाल्या, तेव्हा केतकीनं गंभीरपणे सांगितलं होतं, "जुळे नाही, मी एकटीच आहे." जुले म्हणजे तिकडचा नमस्कार. ती गोष्ट गाव अजून विसरलं नव्हतं. पण केतकी तिथल्या शाळेत गेली, तिथल्या मुलींशी भांडली, आणि दोन हिवाळ्यांत तिथली भाषा फाडफाड बोलायला लागली. आईला मात्र ती जमली नाही. आईचं काम हिंदीवर भागे आणि उरलेलं यंत्रावर.

त्या यंत्राबद्दल थोडं सांगतो, नीट ऐका. हवामानाचा अंदाज करणारी जुनी यंत्रं पृथ्वीवर चौकोनांचं जाळं टाकायची. एकेक चौकोन दहा-बारा किलोमीटरचा. सपाट मुलखात ते चालून जाई. पण डोंगरात एकाच चौकोनात शिखरही यायचं आणि दरीही. दोघांची सरासरी काढली की उत्तर ना शिखराचं, ना दरीचं. गव्हाची चाळण घेऊन मैदा चाळायला बसल्यासारखं ते होतं. केतकीच्या आईच्या यंत्राची चाळण बारीक होती, शंभर-शंभर पावलांची. मसुरीच्या डाळीएवढे हजारो दाणे ड्रोननं बर्फावर पेरले होते. प्रत्येक दाणा आपल्यापुरतं सांगायचा, इथे बर्फ किती, ऊन किती, गारठा किती. ओढ्यातला एक खांब पाण्याची उंची मोजायचा. आणि रोज संध्याकाळी गावातला एक माणूस यंत्रासमोर बसून त्या दिवशी पाणी कसं होतं ते आपल्या बोलीत सांगायचा. यंत्र ते समजून घ्यायचं आणि टिपून ठेवायचं. या सगळ्यावरून मेच्या आरंभी ते उन्हाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांचा अंदाज द्यायचं. पेरणी कधी, पाणी किती, सगळं. तीन वर्षं तो अंदाज चुकला नव्हता.

गावाचा पंचांग पाहणारा असतो त्याला तिकडे ओन्पो म्हणतात. गावानं यंत्राचं नाव ठेवलं लोखंडी ओन्पो. "हा ओन्पो बरा," मेमे फुंचोक म्हणायचे, "चहा मागत नाही."

मेमे म्हणजे आजोबा. मेमे फुंचोक गावचे चुरपोन होते, म्हणजे पाण्याचे कारभारी. आज कुणाच्या शेताला पाणी, किती वेळ, पाटाचं दार कधी उघडायचं, हे ते ठरवत. त्यांच्या घराच्या सपाट छतावर एक रिकामा पत्र्याचा डबा टांगलेला होता. दार उघडण्याआधी मेमे तो बडवत. डबा वाजला की पाटात, ओढ्यात जो कुणी असेल त्यानं हातातलं टाकून वर यायचं. का म्हणून विचारायचं नाही. रांगणारी पोरंसुद्धा डबा वाजला की काठाकडे वळत. आणि चुरपोन सोडून दुसऱ्या कुणी उगाच डबा वाजवला, तर त्या घराची पाण्याची एक पाळी बुडे. त्या कोरड्या मुलखात ही शिक्षा केवढी मोठी, ते तुम्हीच ठरवा.

यंत्रासमोर रोज संध्याकाळी बसणारा माणूस म्हणजेही मेमेच. पूर्वी दर वसंतात ते एकटे घळीतून वर हिमनदीपर्यंत जाऊन ओढ्याची वाट बघून येत. यंत्र आल्यावर केतकीच्या आईनंच त्यांना समजावलं, की आता गुडघे झिजवायची गरज नाही, वरची खबर दाणे देतात. तीन वर्षांत वर कुणी गेलं नव्हतं.

त्या वर्षी अंदाज आला तो असा. हिवाळ्यात बर्फ कमी पडलाय. जूनचा पहिला पंधरवडा कडक उन्हाचा आणि कोरडा. ओढ्याला पाणी नेहमीच्या निम्मं.

आणि तसंच झालं. हे लक्षात ठेवा मुलांनो, कारण या गोष्टीतली भीती इथेच दडलेली आहे. अंदाज खोटा नव्हता. तो इतका खरा होता, की जूनच्या सात तारखेला ओढा एकदम बारीक झाला तेव्हा कुणालाही नवल वाटलं नाही. लोक म्हणाले, ओन्पोनं सांगितलंच होतं. आठ तारखेला तो आणखी बारीक झाला. तेव्हा आईनं गावाला सुचवलं, की पाणी नाहीच आहे तर उद्या सगळ्यांनी ओढ्यात उतरून पाटाचं ढासळलेलं तोंड बांधून घ्यावं. मीही येते, मला खांब दुरुस्त करायचाच आहे.

नऊ तारखेला दुपारी केंद्रात केतकी एकटी होती. शाळेला सुट्टी होती. खिडकीतून खाली ओढा दिसत होता, आणि ओढ्यात अख्खं गाव. बायका ओळीनं दगड पुढे सरकवत होत्या, कुणीतरी गाणं म्हणत होतं. आईची निळी टोपी खांबापाशी होती.

केतकीला वहीत पाण्याची नोंद करायची होती. म्हणून तिनं यंत्राला मागच्या दोन दिवसांच्या नोंदी वाचायला सांगितल्या. यंत्र घरात मराठी बोलायचं, आईनंच तशी सोय केली होती. त्याचा आवाज गोड होता, बँकेतल्या ताईसारखा.

"सात जून. चुरपोनची नोंद. वर लू आहे. पाणी नाही. आठ जून. चुरपोनची नोंद. वर लू वाढली आहे. पाणी नाही. अर्थ, वरच्या भागात उष्ण वारे. अंदाजाशी जुळते."

केतकीला हसू आलं. उत्तरेकडे उन्हाळ्यात वाहणाऱ्या गरम वाऱ्याला लू म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. पण मेमे कशाला हिंदीतला शब्द वापरतील? मेमेंचा लू वेगळा. तो पाण्यात राहतो. झऱ्याखाली, तळ्याखाली असणारं ते नागासारखं काहीतरी. त्याला राग येऊ नये म्हणून गावात झऱ्यापाशी कुणी थुंकतसुद्धा नाही.

तिनं वहीत लिहायला पेन्सिल टेकवली आणि तिचा हात थांबला.

मागच्या उन्हाळ्यात ती आणि मेमे ओढ्याकाठी बसले होते. ओढ्यात तीन दगड होते, लहान, मधला आणि मोठा. गाव त्यांना नात, सून आणि आजी म्हणे. दुपारी वितळलेलं पाणी खाली यायला चार-पाच तास लागतात, म्हणून ओढा सकाळी बारीक आणि संध्याकाळी जाड. ऊन जितकं जास्त, तितकं संध्याकाळचं पाणी मोठं. "आजीचे पाय भिजले की समज वर ऊन चांगलं पडलं," मेमे म्हणाले होते. मग आवाज उतरवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "आणि ऊन मोठं पण पाणी लहान, असं झालं, तर काठावर थांबायचं नाही. वर लू बसलाय. वाट अडवून पाणी पितोय. पोट भरलं की उतरतो."

तेव्हा तिनं विचारलं होतं, उतरतो म्हणजे? मेमेंनी ओठावर बोट ठेवलं होतं. आपल्याकडे नाही का, अंधारात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात? तसा त्या गावात एक शब्द ओढ्याच्या जवळपास कुणी तोंडातून काढत नाही. तो काढायची वेळ आलीच, तर लू म्हणतात.

केतकीनं भिंतीवरचा आकडा पाहिला. आजचं ऊन वर्षातलं सगळ्यात कडक होतं. कालचं त्याच्या खालोखाल. बर्फ कमी होता हे खरं, पण होता तो तरी वितळतच असणार ना? निम्मं पाणी यायला हवं होतं. आलं होतं जवळजवळ काहीच नाही. काल संध्याकाळी नातीचे पायसुद्धा कोरडे होते.

मग दोन दिवसांचं वितळलेलं पाणी गेलं कुठे?

त्या उंचीवर दगडांना एकमेकांशी धरून ठेवतो तो त्यांच्या आत मुरलेला बर्फ. भिंतीत चुना असतो तसा. उन्हाळे कडक होत गेले, तसा हा चुनाच वितळायला लागलाय, असं आईनंच तिला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. घळीचा एखादा कडा सुटून ओढ्यात बसला असेल, तर त्याच्यामागे तळं साठत असणार. दाणे पेरलेले होते बर्फावर. घळीत एकही नव्हता. बारीक चाळणीलाही एक भोक राहिलं होतं, आणि मेमे दोन दिवस तेच सांगत होते. यंत्र प्रत्येक वेळी म्हणत होतं, अंदाजाशी जुळते, आणि ओन्पोला सांगितलंय, धोका असता तर तो बोलला असता, या भरवशावर मेमेही ओढ्यात उतरले होते.

तिनं आईला फोन लावला. ओढ्यात फोन लागत नसे. तो लागला नाही. खाली धावत जायला पंधरा मिनिटं लागली असती.

केंद्राच्या भिंतीला लागूनच मेमेंचं छत होतं. ती खिडकीतून त्यावर उतरली. डबा उन्हानं तापला होता, शेजारी लाकडाची मोगरी. तिच्या मनात आलं, पाणी आलंच नाही तर? मेमेंच्या घराची पाळी बुडेल. की आपली? आपल्याला शेतच नाही. तिनं मोगरी उचलली. पहिला ठोका हुकला. दुसरा बसला.

खाली गाणं थांबलं. कुणी विचारलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. फावडी टाकून माणसं काठाकडे निघाली, बायकांनी पोरं काखेत मारली. मेमे फुंचोकही निघाले, स्वतःचाच डबा कोण वाजवतंय याचा विचार त्यांनी काठावर पोचल्यावर केला असेल. केतकी बडवत राहिली. काठावर माणसांची रांग झाली, आणि ओढ्यात एकच निळी टोपी उरली.

आई हालली नव्हती. तिनं यंत्राशी थेट जोडलेल्या टॅबमध्ये बघितलं, मग छताकडे बघून हात हलवला. तिला काय म्हणायचंय ते केतकीला न ऐकताच कळलं. टॅबवर दिसतंय, दार बंद आहे. पाणी सोडलेलं नाही. खेळ थांबव. आणि आई पुन्हा खांबावर वाकली. काठावरून मेमे तिला हाका मारत होते.

तेवढ्यात वास आला. ओल्या मातीचा. आपल्याकडे तो वास आला की पोरं अंगणात नाचतात. त्या गावात केतकीला तो कधीच आला नव्हता. घळीच्या तोंडातून गार वारा सुटला आणि नातीच्या दगडाला चॉकलेटी रंगाची बारीकशी धार येऊन लागली.

डब्यानं आई येणार नव्हती. केतकीला त्या क्षणी फार एकटं वाटलं. मग तिला सुचलं, की आई कशानं येईल ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

ती खिडकीतून परत आत शिरली. यंत्राच्या मागे विजेची जाड काळी तार होती. तिला हात लावायचा नाही, हा या घरातला पहिला नियम. मागच्या वर्षी एकदा ती अर्धा मिनिट सुटली होती, तेव्हा आई तापानं फणफणलेली असूनही अंथरुणातून धावत आली होती. केतकीनं दोन्ही हातांनी तार धरली आणि पाय भिंतीला लावून ओढली.

यंत्राचे दिवे गेले. ती खिडकीकडे धावली. आईनं टॅब कानाशी धरावा तसा जवळ घेतला, झटकला, आणि केंद्राकडे बघितलं. मग हातातला पाना टाकला आणि पळत सुटली. काठ चढली. शेताचा बांध चढली. पॉप्लरच्या रांगेपाशी आली.

तेव्हा डोंगर ओरडला. पाण्याचा आवाज असा नसतो, असं केतकीला वाटलं. हा तर दगड दळले जात असल्याचा आवाज होता. घळीतून एक तपकिरी भिंत बाहेर आली. तिच्यात अख्खे खडक उड्या मारत होते. नात गेली, सून गेली, आजी गेली. पाटाचं नवं बांधलेलं तोंड गेलं, आईचा खांब गेला. काठावरची माणसं वर पळत होती. केतकी ओरडत होती, पण तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

आई दारात आली तेव्हा तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मुलीच्या हातात तार होती.

"जोड," आई म्हणाली. "केतू, लवकर जोड. खाली सुमदो आहे."

सुमदो म्हणजे खालचं मोठं गाव, ओढ्याच्या काठावर वसलेलं. तिथे मुलांचं वसतिगृह होतं. पाणी तिथे पोचायला अर्धा तास. सुमदोचा भोंगा या यंत्राच्या ताब्यात होता. एकदा खोटा भोंगा वाजून सगळं गाव दोन दिवस डोंगरावर थंडीत बसलं होतं, तेव्हापासून नियम झाला होता, की दोन साक्षी जुळल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही. आणि या दरीतून यंत्र तीनच साक्षी ओळखत होतं. खांब, आई आणि चुरपोन.

तार जोडली. दिवे आले. आईनं धापा टाकत सांगितलं, ओढ्याला पूर आलाय, भोंगा वाजव.

"एक साक्ष मिळाली," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "खांबावर पाणी शून्य. दुसरी साक्ष हवी."

खांब वाहून गेला होता. वाहून गेलेला खांब काय सांगणार?

एवढ्यात मेमे आले. छाती भात्यासारखी हलत होती. सगळे आहेत, मोजले मी, असं ते म्हणाले आणि नेहमीच्या जागी यंत्रासमोर बसले. आईनं खुणेनं सांगितलं, बोला. बाहेर दगड गडगडत होते. मेमेंनी डोळे मिटले आणि इतकंच म्हणाले, "लू उतरला. मोठा लू उतरला."

"नोंद झाली," यंत्र म्हणालं. "लू उतरली. वरच्या भागातले उष्ण वारे ओसरले. ही आनंदाची बातमी सुमदोला कळवत आहे."

मेमेंना मराठी येत नव्हती. त्यांनी समाधानानं मान हलवली. आईचा हात तोंडावर गेला. तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी तिच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात. केतकीनं मेमेंच्या भाषेत त्यांना विनवलं, मेमे-ले, लू म्हणू नका, खरा शब्द म्हणा. म्हाताऱ्यानं खिडकीकडे बघितलं. तो समोरून जात असताना त्याचं नाव घ्यायचं? त्यांचे ओठ हालले, पण आवाज निघेना.

"यंत्र माझं ऐकेल का?" केतकीनं विचारलं. "मी साक्षीदार नाही."

आईनं तिला पुढे ओढून खुर्चीवर बसवलं. "साक्ष मेमेंनी दिलीच आहे, शब्द शिकवायला साक्षीदार लागत नाही," ती म्हणाली. "शिकव त्याला."

केतकी यंत्राकडे वळली. शाळेत पहिल्या दिवशी तिला कुणीतरी 'जुले' म्हणजे काय ते हळू, न हसता समजावलं होतं, तसा आवाज तिनं लावला.

"आधी एक शब्द शिकून घे," ती यंत्राला म्हणाली. "मेमेंचा लू म्हणजे वारा नाही."

आणि मग, त्या गावात ओढ्याच्या जवळ कुणीच उच्चारत नसे तो शब्द, तिनं आधी मेमेंच्या भाषेत आणि मग आपल्या भाषेत, मोठ्यानं आणि स्पष्ट, तीन वेळा म्हटला.